हिरवा चौकोन

मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नव्हतं, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको. पोटच्या लेकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

फरशी बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खोलीच्या दारात उभं राहून एकदा नजर फिरवली की फरश्या किती लागतील, कुठली भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, पाणी कुठल्या कोपऱ्याकडे वाहील, हे ते तिथल्या तिथे सांगत, आणि अंदाज दोन फरश्यांच्या वर चुकत नसे. आकडे त्यांना येत. टेपवरची मापं, बसचे नंबर, घड्याळ, तारखा, सगळं. घोडं अडायचं ते अक्षरांशी. लहानपणी बाप जिथे इमारत उभी राहायची तिथे बिऱ्हाड हलवायचा, त्यामुळे वर्षातून दोनदा शाळा बदलायची. पण खरं कारण तेही नव्हतं. शाळा बदलणारी दुसरी पोरं शिकलीच की. यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागेवर थांबतच नसत. सिमेंटच्या ओल्या मालावर ठेवलेली फरशी सरकावी तशी ती सरकायची. चौथीत एका मास्तरांनी हातात पाटी देऊन सगळ्या वर्गासमोर उभं केलं. तासभर उभं राहूनही त्या पाटीवर एक शब्द उमटला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हापासून पंचावन्न वर्षं नुसती लपवालपवी. चष्मा घरी राहिला. हात बरबटलेत, तुम्हीच वाचा. घाईत आहे, घरी जाऊन निवांत बघतो. सही तेवढी चित्र गिरवावं तशी घोटून घोटून बसवली होती, आणि ती इतकी झोकदार की पाहणाऱ्याला वाटावं, गडी चांगला शिकलासवरलेला दिसतोय.

बायकोला लग्नानंतर चौथ्या दिवशीच कळलं. तिने सामानाची चिठ्ठी लिहून दिली आणि हे चिठ्ठीत नसलेल्याच चार वस्तू घेऊन आले. तिने पिशवी रिकामी केली, चिठ्ठी उलगडून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि कामाला लागली. संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. जणू लहानपणापासूनची सवयच आहे. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. सोळा-सोळा पानांच्या घड्या घालायच्या, शिवायच्या. घड्या घालता घालता हाताखालून जाईल ते ती वाचायची. त्यामुळे तिला शेकडो गोष्टी मधल्यामध्ये ठाऊक होत्या. कुणाची सुरुवात नाही, कुणाचा शेवट नाही. रात्री जेवताना ती त्या मिस्त्रींना सांगायची आणि तुटलेला भाग पदरचा घालायची. मिस्त्री म्हणायचे, तुझे शेवट छापायला द्यायला हवेत.

लेक शिकायला वसतिगृहावर गेली तेव्हा पत्रं यायची. बायको वाचून दाखवायची, मिस्त्री सांगायचे, ती लिहायची. वडिलांचं म्हणून वेगळं पत्र असलं तरी हात तिचाच, फक्त अक्षराचं वळण ती बदलायची. लेकीला कधी शंका आली नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीने आईला टॅब पाठवला. ती परमुलखात एका प्रयोगशाळेत नोकरीला, तिथेच लग्न झालेलं, पदरात एक मुलगी. खोक्यातून ती काळी, चौकोनी, गुळगुळीत वस्तू बाहेर आली. ती हुबेहूब पाटी होती. त्यांनी तिला नावही तेच ठेवलं. बायकोचं मात्र पंधरा दिवसांत तिच्याशी असं सूत जमलं की विचारू नका. गॅसची नोंदणी, डॉक्टरांची वेळ, बातम्या, नातीचे फोटो, दुपारी एकटीने खेळायचे पत्ते, सगळं तिथेच. स्वयंपाक करताना ती टॅब तांदळाच्या डब्याला टेकून उभा करायची. मिस्त्रींना म्हणायची, "अहो, एकदा हातात तर घेऊन बघा, चावत नाही ती." मिस्त्रींनी फक्त उघडायचे चार आकडे आणि फोटो बघायचे तेवढं शिकून घेतलं. नातीचे फोटो आले की खाली एक अंगठ्याचं चित्र असायचं, ते दाबलं की लेकीला आवडल्याचं कळतं, हेही तिने शिकवलं होतं.

एका मंगळवारी सकाळी ती अशीच टॅबवरच्या बातम्या वाचून दाखवत होती. मिस्त्री चहा पीत ऐकत होते. वाचता वाचता तिचे शब्द चमत्कारिक यायला लागले. एका शब्दाला दुसरा जुळेना. मिस्त्रींना वाटलं, बातमीच काहीतरी अवघड भाषेत असणार. ते हसले आणि म्हणाले, हे काय लिहिलंय, जरा सोपं करून सांग. ती वाचतच राहिली. दुसऱ्या कुणी मागून डोकावून पाहिलं असतं तर पडद्यावर एक आहे आणि तोंडात दुसरंच, हे त्याला लगेच कळलं असतं. मिस्त्रींना कळलं ते कप तिच्या हातातून सुटला तेव्हा. मधली पाच-सात मिनिटं गेली ती गेलीच.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंनी रुग्णवाहिका बोलावली. जीव वाचला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, शब्द परत येऊ शकतात. पहिले तीन महिने महत्त्वाचे. घरच्या माणसांनी रोज जवळ बसून बोलायला हवं, ओळखीच्या आवाजात, ओळखीच्या वस्तूंमध्ये.

लेक धावत आली, आठ दिवस राहिली. जाताना तिने सगळं टॅबवर लावून दिलं. हॉस्पिटलचे निरोप तिथे येतील, माझेही तिथेच येतील. तुमचा दिवस ती माझी रात्र, फोनवर गाठ पडणं कठीण. आणि तुमचा तो बटणांचा फोन कामाच्या धुळीत कधी वाजतो, कधी वाजत नाही. "रोज बघत जा हं, बाबा." टॅक्सी खाली उभी होती. तिचे डोळे रडून सुजलेले. खरं काय ते मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. पण दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या त्या दमलेल्या मुलीला अशा वेळी काय सांगायचं, म्हणून त्यांनी ते गिळलं आणि बघतो म्हणाले.

मग निरोप यायला लागले. लेकीचे लांबलचक, हॉस्पिटलचे आखूड. मिस्त्री रोज सकाळी टॅब समोर घेऊन बसत, जसं एखाद्या परक्या माणसासमोर बसावं. लेकीच्या नावाचा आकार ते ओळखत. बाकी सगळ्या मुंग्यांच्या रांगा. प्रत्येक निरोपाखाली ते अंगठ्याचं चित्र दाबत. लेकीला बरं वाटत असावं, कारण उत्तरात ती एक लाल बदाम पाठवायची. दोनदा त्यांनी टॅब खाली शिवणकाकूंकडे नेला, चष्म्याचा नंबर बदललाय म्हणाले. काकूंनी वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "भाऊजी, नवा चष्मा दोन दिवसांत मिळतो. उद्या चला, मीच घेऊन जाते तुम्हाला." त्यानंतर ते खाली गेले नाहीत.

हॉस्पिटलच्या निरोपांत शेवटी दोन चौकोन असायचे, एक हिरवा आणि एक राखाडी. हिरवा म्हणजे पुढे जा, हे ते सिग्नलवरून जाणत होते. ते हिरवा दाबत. दाबला की निरोप मिटायचा, आणि छातीवरचं ओझं त्या दिवसापुरतं उतरायचं.

खरं तर त्यांना त्या पाटीपेक्षा मोठं काम होतं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने तोंडी सांगितलं होतं की बाईंना चाकांच्या खुर्चीवरून फिरवावं लागेल, घरात कुठे उंबरा नको, नहाणीत पाय सरकायला नको. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी छिन्नी-हातोडा काढला. नहाणीचा चार बोटं उंच उंबरा फोडला. गुळगुळीत फरश्या एकेक करून उखडल्या आणि खडबडीत बसवायला घेतल्या. उतार असा काढला की खुर्ची अलगद आत जावी आणि पाण्याचा थेंब बाहेर येऊ नये. दिवसभर गुडघ्यांवर काम करायचं, चारला हॉस्पिटल, सहाला परत. तिच्या उशाशी बसून ते सांगायचे, आज तीन ओळी झाल्या, आज कोपरा झाला. ती डाव्या डोळ्याने हसायची. एकदा "न" असं काहीतरी उमटलं. ते खूश होऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी चार ओळी बसवल्या.

शेवटच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरत असताना टॅब वाजला. हात पुसून त्यांनी पाहिलं. हॉस्पिटलचा निरोप, नेहमीपेक्षा लांब. खाली हिरवा चौकोन. तो दाबला तर आणखी एक पान, पुन्हा हिरवा. मग एक रिकामी पांढरी जागा आली. ती कशासाठी असते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आयुष्यभर अशा रिकाम्या जागांनीच तर त्यांना वाचवलं होतं. त्यांनी बोटाने आपली झोकदार सही काढली आणि पुन्हा सिमेंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी चारला ते वॉर्डात गेले तर पलंग रिकामा. चादर नव्हती, उशी नव्हती. गादी कमरेत दुमडून ठेवलेली होती.

मिस्त्रींनी पलंगाची दांडी धरली. रिकाम्या पलंगाचा अर्थ त्यांना माहीत होता, सगळ्यांना माहीत असतो. टेबलापाशी नवीच सिस्टर होती. तिने नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "त्यांना सकाळी हलवलं. तुम्हाला कळवलं होतं की. ही तुमचीच सही ना?" तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. सही त्यांचीच होती.

हलवलं म्हणजे कुठे? माणूस जिवंत असला तरी हलवतात आणि नसला तरी हलवतात. एक प्रश्न विचारला असता तर सुटका होती. पण सहीखालचा, सहीवरचा तो सगळा मजकूर ज्याने मान्य केला त्याने कुठल्या तोंडाने विचारायचं, की माझी बायको कुठे आहे? सिस्टर म्हणाली, पत्ता वगैरे सगळं त्यात आहे. मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलं, वाचल्यासारखी नजर डावीकडून उजवीकडे फिरवली, आणि मान डोलावली. नंतर पुढे कित्येक महिने त्यांना त्या दिवसातली एवढीच गोष्ट आठवायची. बायको जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं, आणि तरीही आपण मान डोलावली.

खाली औषधांच्या खिडकीसमोर बाकं होती. तिथे हाताला प्लॅस्टर घातलेल्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. मिस्त्री त्यांच्या शेजारी टेकले, टॅब उघडला आणि तोच जुना मंत्र म्हटला, चष्मा घरी राहिला, जरा पत्ता वाचून देता का. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. डाव्या हाताने त्यांनी टॅब घेतला आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ, मोठ्याने वाचायला लागल्या. पत्ता शोधता शोधता त्या लेकीच्या निरोपांवर आल्या.

बाबा, हॉस्पिटल विचारतंय की आईला घरी नेणार की दीर्घ उपचारांच्या केंद्रात ठेवायचं. मला वाटतं ती घरीच बरी होईल. मी रजा टाकून दीड महिना येऊ शकते. पण तिला उचलायचं, भरवायचं, तुमचं वय, तुमचे गुडघे. तुम्हाला केंद्रच बरं वाटत असेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही.

खाली अंगठा.

म्हणजे केंद्र? नक्की ना, बाबा?

अंगठा.

ठीक आहे. मग रजा आता घेत नाही, नंतरसाठी राखून ठेवते. फॉर्म येईल, त्यावर सही करा.

अंगठा.

आणि कालचा: तुम्ही तिला स्वतः समजावून सांगितलंत ना? आपण तिला टाकून दिलं असं तिला वाटायला नको.

त्याच्याखालीही अंगठा होता.

बाईंचा आवाज हळूहळू खाली आला होता. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींच्या खिशातून चष्म्याची दांडी बाहेर डोकावत होती. बाईंची नजर त्या दांडीवर गेली. मग म्हणाल्या, "आकडे येतात ना?" मिस्त्रींनी मान हलवली. "मग एकशे बारा नंबरची बस. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा. अडीच तास लागतात. भेटायची वेळ सकाळी दहापासून आहे, आज आता कोणी आत सोडणार नाही."

ती रात्र कशी गेली हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

केंद्र म्हणजे एक लांबलचक बैठी इमारत होती. बोळातल्या फरश्या वाकड्या बसवलेल्या, हे अशा वेळीही मिस्त्रींच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग आला. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. अंगावर कुणाचा तरी ढगळ गाऊन, केस परक्या हातांनी विंचरलेले. तिने त्यांना पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

मिस्त्री तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "मला कळलंच नाही गं," ते म्हणाले. "लेक विचारत होती, घरी की इथे. मी नुसता अंगठा दाबत राहिलो. त्यांचा फॉर्म आला, मी हिरवं दाबलं. मी नहाणी करत होतो. परवाच पुरी झाली."

ती बराच वेळ वळली नाही. मग वळली. तिचा डावा हात उचलला गेला आणि त्यांच्या खांद्यावर आदळला. पुन्हा आदळला. त्यात जोर नव्हता, पण जेवढा होता तेवढा सगळा होता. बेचाळीस वर्षांत तिने त्यांच्यावर हात उचलणं सोडा, आवाजही चढवला नव्हता. मिस्त्रींनी खांदा हलवला नाही. तिसऱ्यांदा तो हात खाली आला तो तिथेच, त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून राहिला.

केंद्राच्या व्यवस्थापिका समजूतदार बाई होत्या, पण नियम नियमाच्या जागी. परत न्यायचं तर नवी तपासणी, घराची पाहणी, सहा आठवडे तरी. शिवाय औषधं दर आठवड्याला बदलतात. कुठली गोळी किती, हे निरोप वाचून द्यावं लागतं, चूक झाली तर जिवावर बेतेल. त्यांनी विचारलं, घरी वाचून देणारं कोण आहे? मिस्त्रींनी टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

"मला वाचता येत नाही," मिस्त्री म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं होतं. वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. बाईंनी फक्त पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग हे मुलीला सांगावं लागेल, कारण फॉर्मवर सही तुमची आहे, पण त्यासाठी होकार तिनेही दिलाय.

रविवारी त्यांनी बटणांच्या फोनवरून लेकीला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. 

मग लेकीने एकच गोष्ट विचारली. "वसतिगृहातून मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. वर लिहिलं होतं, आईला दाखवू नका. ते?"

ते मिस्त्रींना चांगलं आठवत होतं. ती नापास झाली होती आणि तिला सगळं सोडून द्यायचं होतं; आई बोलेल, या भीतीने तिने एकट्या बापाला लिहिलं होतं.

"तिनेच वाचून दाखवलं," मिस्त्री म्हणाले.

"आणि उत्तर?"

"सांगितलं मी. लिहिलं तिने."

लेकीने फोन ठेवला. चार दिवस तिचा फोन नाही, निरोप नाही. नंतर कधीतरी ती म्हणाली की तिला बापाचा राग आला तो आलाच, पण तिला आवरेना ते दुसरंच. आईला ती गोष्ट वीस वर्षं ठाऊक होती. तिने कधी नजरेनेसुद्धा कळू दिलं नव्हतं. आणि आता आईशी त्यावर एक शब्दही बोलता येणार नव्हता.

रजेची पाळी हुकली होती. प्रयोगशाळेत तिच्या जागी दुसरं कुणी सुट्टीवर गेलं होतं, दोन महिने तिला हलता येईना. सहा आठवड्यांचे दहा झाले. मिस्त्री दर रविवारी, आणि जमेल तेव्हा मधल्या वारीही, एकशे बारा पकडायचे. पाच तास प्रवास, दोन तास भेट. पण रोज ते रोज. उरलेल्या वेळात तिच्याशी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. माणसं वाईट नव्हती. एका बाईच्या वाट्याला वीस रुग्ण होते. तो "न" पुढच्या अक्षराची वाट बघत राहिला, आणि तीन महिन्यांतले दिवस एकेक करून निसटत गेले.

तिथे आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांच्याकडेही टॅब होता, त्यावर कपाची, दाराची, पलंगाची चित्रं. त्यांनी मिस्त्रींच्या मांडीवरचा टॅब पाहिला आणि सहज म्हणाल्या, तुम्हाला याला बोलायला लावता येतं ना? मिस्त्रींना कळेना. बाईंनी दाखवलं. निरोपावर बोट दाबून धरायचं, वर एक पट्टी येते, तिच्यात कर्ण्याचं चित्र, ते दाबायचं. टॅब सपाट बायकी आवाजात निरोप वाचू लागला. उत्तर द्यायचं असेल तर खालच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलायचं, तो लिहून घेतो. शिकायला दहा मिनिटं लागली.

मिस्त्री त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या रडले. दहा मिनिटं. दोन वर्षं ती वस्तू स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून उभी होती, आणि कुणाला तरी एकदा खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

ती अकराव्या आठवड्यात घरी आली. लेक आली होती. घराची पाहणी करायला आलेल्या माणसाने नहाणी बघून विचारलं, हे कुणी केलं, फार नीट केलंय. महिनाभर लेक राहिली. बापाशी ती कामापुरतं बोलायची, मग हळूहळू थोडं जास्त. एकदा आईचे केस विंचरताना ती आईच्या कानाशी बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. मिस्त्री खोलीबाहेर गेले. मग तीही परत गेली, जावंच लागलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जे परत यायचं होतं ते आलंय. आलं होतं ते इतकंच: "नको." भूक लागली तरी नको, चहा हवा असला तरी नको, नातीचा फोटो पाहिला तरी नको. घास घ्यायला तोंड उघडतानाही म्हणायची, नको. मिस्त्रींना पहिल्यांदा हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

औषधं टॅब वाचून दाखवायचा. मिस्त्री प्रत्येक निरोप तीनदा ऐकत, गोळ्या रंगावरून आणि आकड्यांवरून लावत. एकही चूक झाली नाही. पण अंगातली ताकद निरोपाने येत नाही. थंडीतल्या एका दुपारी नहाणीत ती खुर्चीवरून घसरली. त्यांनी काखेत हात घालून उचलायला पाहिलं, गुडघ्याने दगा दिला, आणि तेही तिच्या शेजारी बसले ते बसलेच. उठता येईना, तिला सोडून दारापर्यंत सरकताही येईना, कारण सोडलं की ती एका अंगावर कलायची. शिवणकाकू कपडे द्यायला वर आल्या तोवर दीड तास होऊन गेला होता. दीड तास दोघं भिंतीला टेकून बसली होती. ती दोनदा नको म्हणाली. फरशी थंडगार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा निरोप आला. टॅबने वाचला: सगळं ठीक ना, बाबा? आई कशी आहे?

मिस्त्रींनी टॅब टेबलावर ठेवला, माइकच्या चित्रावर बोट ठेवलं आणि बोलायला लागले. काल काय झालं ते सांगितलं. गेल्या महिन्यात दोनदा असंच झालं आणि तेव्हा लपवलं, तेही सांगितलं. ती दिवसेंदिवस कमी खाते, माझ्याकडे बघून नजर फिरवते, ती रागाने की थकून हे मला कळत नाही. पहाटे तिला कूस बदलून देताना मला उभं राहवत नाही. थांबत थांबत, शब्द शोधत, ते बराच वेळ बोलले. मग धाडण्याआधी, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी दाखवल्याप्रमाणे, टॅबला ते परत वाचायला सांगितलं.

त्या सपाट, परक्या आवाजात त्यांचेच शब्द खोलीत ऐकू येऊ लागले. पहाटे मला उभं राहवत नाही. मला एकट्याला जमत नाही. मी तिला पुन्हा केंद्रात पाठवणार नाही, पण मला जमत नाही. तू ये, नाहीतर काय करायचं ते सांग.

ती खिडकीजवळच्या खुर्चीतून ऐकत होती. सगळं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नको."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. धाडू नका, की रडू नका, की आता काहीच नको, की नुसताच तोंडात राहिलेला तो एक शब्द? बेचाळीस वर्षं तिने त्यांना सगळं वाचून दाखवलं होतं. आज तिचा हा एक शब्द त्यांना वाचता येत नव्हता, आणि वाचून देणारं घरात कुणी नव्हतं.

ते उठून तिच्याजवळ गेले, तिची शाल सारखी केली. मग परत येऊन निरोप धाडला, आणि उत्तराची वाट बघत टेबलाशी बसून राहिले.